लागता काय

"लागता काय गो?" जयवंत विचारतो.
माझे डोळे मिटलेले, त्याच्या हातात कापूस.
नाय.
"आता?"
होय, म्हणते मी.
कापूस तेव्हा हवेतच होता, हे मागाहून कळतं.

गोव्याच्या इस्पितळातून निघताना मणेरीकर डॉक्टरीणबाईंनी
कागद दिला: कापूस, कंगवा, बर्फ, कोमट चमचा,
दिवसातून चारदा, आधी बघून, मग न बघता.
पोटाची कातडी वर नेऊन त्यांनी उजवी बाजू भरली,
केसाएवढी एक नस तेवढ्याच दुसरीला टाचली.
म्हणाल्या, रोज मिलिमीटरभर वाढेल. वाढली तर.
सुदेशच्या वेळच्या पांढऱ्या रेघा, बेंबीखालच्या,
आता ब्लाऊजच्या आत, गळ्याकडे तोंड करून.

दिसायला चांगलं झालं. सगळे हेच म्हणतात.
नणंदेने तर तिरकं बघून खात्री केली.
पण चुलीवरून पेजेचं भांडं उतरवताना
ते छातीला टेकलं, आणि मला कळलं
वासावरून.
फोड आला कोकमाएवढा.
माझ्याच अंगावर, पण जशी शेजारच्या घराला लागलेली आग.

तेव्हापासून या शब्दाकडे बघत बसते.
आचऱ्यात सगळ्यालाच काही ना काही लागतं.
होडी रेतीला लागते, फणस पार मुळापाशी लागतो,
सुकती लागली की बायका खाडीत उतरतात.
मालनकाकू गेली तेव्हा तिचा मुलगा धड रडलाही नाही,
तरी वाडी म्हणाली, त्याला फार लागलंय.
मला यातलं अजूनही सगळं लागतं.
फक्त सगळ्यात साधं तेवढं गेलं,
जे शेंबड्या पोरालाही येतं.

वैशाखात मी पुन्हा तिसऱ्या काढायला जाऊ लागले.
टोपली डाव्या हातात, उजवा अजून खांद्याच्या वर जात नाही.
तिसरी डोळ्यांना दिसत नसते. चिखलात टाच फिरवायची,
जिथे चिखल जरा उलट उत्तर देतो, तिथे वाकायचं.
आईने शिकवलं तेव्हा मी सात वर्षांची,
काहीच लागत नाही म्हणून भोकाड पसरायचे.
ती म्हणायची, घाई करू नको, पायांका बगूंदे.

नवरात्राच्या आधी मुंग्या आल्या.
खऱ्या नव्हेत. तरी मी उठून पदर झटकला,
गोधडी झटकली, दिवा लावून भिंतीच्या कडा बघितल्या,
कारण पडवीत डोंगळे असतातच.
मग आठ दिवस नुसती खाज, खाजवलं तर कळायचंच नाही.
कंगव्याचा दात वर टेकवला की काखेत लागायचा.
पोस्टमन नवीन आला की असं होतं,
आमची पत्रं गिरकरांकडे, गिरकरांची आमच्यात.

काल खाडीत गुडघाभर पाण्यात वाकले होते.
सातार्डेकरांचं इंजिन फटफटत गेलं,
त्यामागून लाट आली, ब्लाऊज भिजला,
आणि उजवीकडे, टाक्यांच्या थोडं वर,
शिंपल्याएवढ्या जागेत
गार.
मी तशीच वाकून राहिले.
हिराबाय पलीकडून ओरडली, काय मिळाला गो?
टाचेखाली एक तिसरी होती, ती तिला वर करून दाखवली.

रात्री जयवंतने कापूस घेतला, डोळे मिटायला लावले.
"लागता काय?"
लागत होतं. एका कडेला, अंधुक, पण जिथल्या तिथे.
नाय, म्हणाले.
इतके दिवस त्याच्यासाठी होय म्हणत आले,
आजचा एक दिवस ते कुणाच्या प्रश्नाचं उत्तर नको होतं.
उद्या सांगेन.
डोळे किलकिले करून बघितलं, तर तो
तोच कापूस आपल्या गालावर फिरवून बघत होता,
जणू बिघाड कापसातच असावा.